ट्रॉलीवरची जागा

बेल्ह्याच्या बाजारात जुनी पिकअप लावून उभे राहा आणि नुसतं म्हणा, "गाडीत जरा काम करायचंय." बास. बैल विकायला आलेला माणूस बैल सोडून तुमच्याकडं येतो. चहावाला किटली ठेवून येतो. आणि सगळे एकच सांगतात, "पाटं वाढवा." मागच्या चाकांवर वजन झेलायला लोखंडी पाटे असतात, त्यात आणखी दोन-दोन घाला म्हणजे गाडी कसलंही वजन उचलते. मी म्हटलं, अहो, मला गाडीत काही भरायचंच नाही. मला मागं ट्रॉली ओढायचीय, आणि ओढलेली ट्रॉली उतारावर थांबवायचीय. तर म्हणे, "त्येच सांगतोय की भाऊ. पाटं वाढवा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वजन उचलायचं कसं यावर सगळा बाजार पंडित, आणि थांबायचं कसं हे विचारलं तर एकाला धड उत्तर देता येईना.

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. बायको म्हणते, "लोकांच्या नाकावर राग असतो, ह्यांच्या रागाला नाक फुटलंय." म्हणू दे. पण त्या वर्षी माझ्या रागाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे तिचाच भाऊ.

आमचं गाव निमगाव सावा. मी आणि माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, दोघं मिळून गाईंची खुरं साळतो, म्हणजे वाढलेली खुरं तासून सरळ करतो. हल्लीच्या संकरित गाई दिवसभर सिमेंटच्या कोब्यावर उभ्या असतात. चरायला जाणं नाही, चालणं नाही, मग खुरं वाढतात, वाकडी होतात, गाय लंगडते आणि दुधाला कमी येते. अशा गाईला धरून उभं करायला खोडा लागतो. लोखंडी पाइपांचा मोठा पिंजरा म्हणा, पोटाखाली पट्टा, पाय बांधायला कड्या. आमचा खोडा दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला आहे. पिकअपच्या मागं अडकवायचा आणि गोठ्यागोठ्यावर न्यायचा, इकडं बेल्ह्यापर्यंत, तिकडं आंबेगावात निरगुडसरपर्यंत. वजन असं की सपाट जमिनीवरसुद्धा चार माणसांनी ढकलला तर घाम फुटतो.

पिकअप मी जुनीच घेतलेली. आधीच्या मालकानं तिच्यातून वर्षानुवर्षं टोमॅटो मुंबईला नेले. मीटर तीन लाखांच्या पुढं जाऊन कधी बंद पडला, त्यालाही आठवत नव्हतं. माझ्याकडं आल्यावर त्या वर्षापर्यंत ती आणखी आठ वर्षं चालली होती. एकूण किती चालली हे आता तिलाच ठाऊक.

आता मेव्हण्याचं. हा चाळिशीचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, गाडीत माझ्या शेजारी बसायचाच नाही. पहिल्या महिन्यातच म्हणाला, "दाजी, मला आत गाडी लागती. उलटी व्हती." आणि एका जुन्या ट्रॅक्टरची सीट आणून त्यानं ती ट्रॉलीच्या पुढच्या दांड्यावर वेल्डिंग करून घेतली, पिकअप आणि ट्रॉली जिथं जोडतात त्याच्या बरोब्बर वर. तिथं बसून तो यायचा. ऊन असो, धुरळा असो, तोंडाला उपरणं गुंडाळून, मान खाली घालून. निघायच्या वेळी मी इंजिन चालू करून हॉर्न मारत बसायचो आणि हा मागं वाकून काहीतरी खुडबुड करत असायचा. "पावणं, मुहूर्त बघताय का?" म्हणून मी ओरडायचो. एरवी मी त्याला अरे-तुरे करतो, पण राग आला की तो माझा 'पावणं' होतो. तो काही बोलायचा नाही. आमच्याकडं मेव्हण्यानं दाजीला उलट बोलायची रीतच नाही. बहीण दिलीय ना त्या घरात, मग दाजी म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

एकदा आण्याच्या पठारावरून काम उरकून घाट उतरत होतो. तिसऱ्या वळणावर ब्रेकचा पाय मऊ लागायला लागला. चौथ्यावर पार खाली टेकला. लायनर जळाल्याचा वास नाकात गेला आणि मागून खोडा गाडीला ढकलायला लागला. गाडी कशीबशी पहिल्या गिअरमध्ये कोंबली, डोंगराच्या अंगाला चारीत घातली आणि घासत घासत थांबवली. आरशात बघतो तर मेव्हणा अजून सीटवरच, वाकून, दोन्ही हात खाली जोडावर धरलेले.

मी खाली उतरून त्याला असा झापला की वरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं गाडी हळू केली. "अरे, उडी मारायला काय झालं व्हतं? मरायचंय का?"

तो म्हणाला, "म्हटलं बघावं, निसटती की काय."

मी त्या वाक्याकडं लक्षच दिलं नाही. माझं ओरडून झालं नव्हतं.

घरी बायकोला कळलं. ती आरडाओरडा करणारी बाई नाही. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "मला एकच भाऊ आहे. गाडी नीट करा, नाहीतर हा धंदा बंद करा. त्याला काही झालं तर मी या घरात राहायची नाही." आणि आत निघून गेली. मी जेवलो नाही. राग तिचा नव्हता आला, ती बोलली ते खरं होतं याचा आला. मेव्हणा आत बसायला तयार नाही, मग निदान त्याला मागं घेऊन जाणारी गाडी तरी भरवशाची पाहिजे. तेव्हापासून ते काम माझ्या डोक्यात बसलं.

आळेफाट्याच्या अलीकडं एक मिस्त्री आहे, त्याच्याकडं गाडी लावली. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "पाटं वाढवू."

मी म्हटलं, "पाट्याचं नाव काढलंस तर गाडी घेऊन जाईन."

"मग हॉर्न बदलू का? जुना लई बसका वाजतोय."

हॉर्न! अरे बाबा, घाटात ब्रेक गेल्यावर मी काय हॉर्न वाजवून थांबू? त्या माणसाशी मी आठवडाभर रोज भांडलो. तो एक म्हणायचा, मी दुसरं. पण हात त्याचा चांगला होता, हे कबूल करावं लागेल. चारी चाकांचे ब्रेक खोलले, ड्रम बदलले, ब्रेकचं तेल जाणाऱ्या सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. क्लचप्लेट झिजून कागद झाली होती, ती बदलली. रेडिएटर मोठा बसवला, कारण चढावर गाडी उकळायची. चासीला मागच्या बाजूला बारीक चीर निघाली. ती बघून मी मिस्त्रीशी भांडायचंच विसरलो. इतके दिवस मी चिरलेल्या चासीला खोडा बांधून हिंडत होतो, आणि मागं माणूस बसलेला! तिथं जाड पट्टी मारून घेतली आणि जोडाची जागा नव्यानं बनवली.

खोड्याच्या ट्रॉलीला आम्ही तिचे स्वतःचे ब्रेक बसवले. उतारावर ट्रॉली गाडीला ढकलायला लागली की दांडा दाबला जातो आणि तिचीच चाकं धरली जातात. शिवाय एक जाड साखळी, म्हणजे जोड निसटला तरी ट्रॉली सुटून जायला नको. आणि नवी पिन. ट्रॉलीचा दांडा गाडीच्या जोडात घालून वरून ही मनगटाएवढी पिन सोडायची आणि खालून क्लिप लावायची. चांदीसारखी चमकत होती.

मेव्हणा सगळं बघत उभा होता. एकच बोलला, "दाजी, पिनीला काळा रंग मारू. लई चमकतीय."

"पिनीला रंग? मग झालर पण लाव तिला, गोंडं लाव!" मी म्हटलं. मिस्त्री हसला.

गाडी घेऊन घाट चढलो-उतरलो. काय सांगू तुम्हाला! नुसता पाय ठेवला की थांबायची. मागून धक्का नाही, वास नाही. तीन लाखांच्या वर चाललेली म्हातारी, पण वळणावर नव्या नवरीसारखी सांभाळून चालली. माझी छाती फुगली. आणि मग मला पुन्हा राग यायला लागला, कारण एवढं सगळं करूनही हा पठ्ठ्या मागंच बसायचा. लोक काय म्हणत असतील? दाजी आत सीटवर आणि मेव्हणा मागं धुळीत! आता गाडी इतकी सुरळीत चालतीय की तान्ह्या पोरालासुद्धा लागायची नाही. मग अजून काय नडलंय?

मग निरगुडसरचा दिवस उजाडला. मोठा गोठा, बावीस गाई. मालक मायाळू माणूस, वयानं मोठा, आम्ही त्याला काका म्हणतो. त्यानं आल्या आल्या चहा दिला, दुपारी जेवायला घातलं. काम चांगलं चाललं होतं, पण शेवटची एक थोराड गाय काही केल्या खोड्यात जाईना. गेली तशी मागं सरली आणि खोड्याच्या फाटकाचा दोर तोडला. माझं डोकं फिरलं. आजूबाजूला दोर शोधला, मिळेना. ट्रॉलीची ती नवी साखळी काढली, फाटकाला गुंडाळली, गाय आत कोंडली आणि खुरं साळून मोकळा झालो.

उन्हं अजून वर होती. मेव्हण्यानं हत्यारं भरली आणि तो नेहमीसारखा मागं चालला. मी त्याच्या दंडाला धरलं.

"आज आत बसायचं."

"न्हाई दाजी, मला..."

"लागू दे! ओक माझ्या अंगावर! पर आज मागं बसलास तर उद्यापासून तुझा धंदा वेगळा आन् माझा वेगळा. कुणासाठी केलं मी एवढं? मिस्त्रीसाठी?"

काका ओट्यावरून बघत होते. मेव्हण्याचा चेहरा उतरला. "नुसतं एकदा मागं बघून येतो," तो म्हणाला.

"काय बघायचंय? सगळं नवंकोरं हाय! बसा आत, पावणं!"

तो आत बसला. पिशवी मांडीवर घेऊन, अंग चोरून. पुढं कालव्याचा पूल आला. मी तिरक्या डोळ्यानं बघत होतो, आता ह्याला उलटी होईल, मग होईल. काही होत नव्हतं. तो सारखा आरशात मागं बघत होता, एवढंच.

पुलाच्या पुढं चढ आहे आणि चढावर गतिरोधक. गाडीनं उडी घेतली, मागून खणकन आवाज आला, आणि गाडी एकदम हलकी झाली. ते हलकं होणं मी जन्मात विसरणार नाही. आरशात बघितलं तर खोडा मागं मागं चाललाय, एकटाच. चढावरून घरंगळत पुलाकडं, मग रस्ता सोडून कडेला, आणि कालव्याच्या पोटचारीत उलटा. रस्त्यावर कुणी नव्हतं. देवाची कृपा, दुसरं काय.

पळत गेलो. खोडा पालथा पडला होता आणि चाकं फिरत होती. मेव्हण्याची ती ट्रॅक्टरची सीट दांड्याखाली चेमटून पार मातीत गेली होती.

मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. "बघ! बघ तुझी जागा! आज माझं ऐकलंस म्हणून वाचलास! आठ वर्षं बोंबलतोय मी!"

तो माझे हात सोडवून वळला. गतिरोधकाशी गेला आणि रस्त्यावरून काहीतरी उचलून आणलं. पहारीचा एक तुटका तुकडा, वरून वाकवलेला. आमची पिन नव्हती. माझी चांदीसारखी पिन काढून कुणीतरी तिच्या जागी हा तुकडा घालून ठेवला होता. खाली क्लिप नाही, काही नाही.

मी तिथूनच काकांना फोन लावला. काय काय बोललो ते इथं लिहिता यायचं नाही. काका बिचारे चाचरत म्हणाले, "अवं, चुलत भावानं नेली असंल. त्याच्या ट्रॅक्टरची पिन हरावली, ट्रॉली शेतात अडकून पडली व्हती. तुमी कामात व्हता म्हनून इचारलं नसंल. सांजच्याला आणून दिली असती की. एक पिन तर हाय, राव."

एक पिन तर आहे! आमच्या मुलखात पिन कुणाच्या मालकीची नसतेच. ज्याची अडली त्यानं दिसेल तिथून काढायची, बदल्यात काहीतरी खुपसायचं आणि वेळ मिळेल तेव्हा परत आणायची. मीच किती वेळा दुसऱ्याच्या ट्रॉलीची काढून आणलीय. पण त्या वेळी मला ते आठवत नव्हतं. मी काकांचं घराणं काढलं. मेव्हण्यानं माझ्या हातातून फोन घेतला, "काका, मी येतो न्यायला, राग मानू नका," म्हणाला आणि बंद केला.

"तू का मऊ बोलतोस त्याच्याशी? तू मेला असतास!"

"न्हाई, दाजी," तो म्हणाला. "मी मागं बसलो असतो तर ती सुटलीच नसती."

मला कळेना. त्यानं गाडीत मांडीवर धरलेली ती पिशवी उघडली. आत तीन पिना होत्या, जुन्या, काळ्या पडलेल्या, आणि तारेचं एक भेंडोळं.

"निघायच्या आधी मी रोज बघतो. चार गोठं केलं की एका जागी तरी पिन नेलेली असती. मग मी ह्यातली घालतो आन् तारेनं बांधतो. आपली मागनं जाऊन आणतो. वाटंत पण नजर ठिवावी लागती, तार ढिली व्हती कवा कवा."

"आन् गाडी लागती ते?"

"मला गाडी कधीच लागली न्हाई. पिन तिथनंच दिसती, म्हणून बसायचो."

"मग मला सांगायला काय झालं व्हतं? आठ वर्षं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हातातल्या फोनकडं बघितलं, ज्याच्यावर मी आत्ता एका म्हाताऱ्या माणसाला आईबापावरून बोललो होतो.

"सांगितलं असतं तर दर गोठ्यावर ह्येच झालं असतं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक राहिलं असतं का एक तरी? आन् तुमी दाजी. तुमाला काय बोलायचं."

खोड्याच्या फाटकाला ती नवी साखळी अजून गुंडाळलेली होती. ती दोघांनाही दिसत होती. तो त्याबद्दल बोलला नाही, आणि मी बोलावं एवढी हिंमत माझ्यात नव्हती. ब्रेक नवे, चासीची पट्टी नवी, रेडिएटर नवा, सगळं बदललं. बदलायचं ते तसंच स्टिअरिंगमागं बसून हॉर्न मारत होतं. माझ्या रागाच्या भीतीनं हा माणूस आठ वर्षं मरणाच्या जागेवर बसून आला, आणि मी त्याला गाडी लागते म्हणून चारचौघात हसत होतो. मला राग आला. असा राग मला कधी आला नव्हता, आणि ओरडायला समोर कुणी नव्हतं.

संध्याकाळी काकांच्याच ट्रॅक्टरनं खोडा चारीतून ओढून काढला. चुलत भाऊ पिन घेऊन आला, मान खाली घालून. मी ती घेतली आणि काकांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "असूं द्या, असूं द्या." पण मला बसा म्हणाले नाहीत.

खोडा दुरुस्त व्हायला पंधरा दिवस गेले. ती सीट पुन्हा बसवायची नाही, असं मी वेल्डिंगवाल्याला सांगितलं. पिनीला मेव्हण्यानं काळा रंग मारला. पहिल्या दिवशी निघताना मी स्वतः मागं गेलो, वाकलो, पिन बघितली, क्लिप बघितली, साखळी ओढून बघितली. येऊन सीटवर बसलो. मेव्हणा शेजारी बसला होता.

"बघितली?" त्यानं विचारलं.

"बघितली."

त्यानं मांडीवरची पिशवी सीटवर ठेवली. मग दार उघडून खाली उतरला आणि माझ्यादेखत मागं जाऊन, वाकून, पिन पुन्हा बघायला लागला. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी बघितली म्हणतोय ना! हात हॉर्नवर गेलाच होता. तो मी मांडीवर ठेवला आणि त्याचं बघून होईपर्यंत थांबलो.